जिना, टप्पा आणि कठडा

घराची चौकशी करताना आपण खोल्या किती, स्वयंपाकघर केवढे, बाल्कनीत ऊन येते की नाही, हे सारे विचारतो; जिना कसा आहे हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जिना हा घराचा भाग नव्हेच, तो केवळ घरापर्यंत पोचण्याचा मार्ग, अशी आपली समजूत असते. वयाची सत्तरी उलटली म्हणजे ही समजूत आपोआप दूर होते. तरुणपणी ज्या पायऱ्या आपण दोन-दोन ओलांडीत वर गेलो, त्याच पायऱ्या पुढे घराची वेस होऊन बसतात. आपल्या समाजातील कितीतरी वडीलधारी माणसे केवळ जिन्यामुळे प्रार्थनेला, मलिद्याला किंवा लग्नकार्याला येईनाशी झाली आहेत. या विषयावर लिहिण्याचे धाडस मी करीत आहे ते स्थापत्यशास्त्राची जाणकार म्हणून नव्हे. वर्गात मुलांकडून संगणकावर जिने काढवून घेताना, आणि पुढे आमच्या स्वतःच्या इमारतीचा जिना मोजताना, जे उमगले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

माझा व्यवसाय शिक्षिकेचा. मुंबईत डी. एड. करून काही वर्षे ठाण्याच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकविले. १९९६ साली आम्ही येथे आलो आणि भाषा हाती आल्यावर बेरशेवा येथील एका विद्यालयात पुन्हा खडू हाती घेतला. या विद्यालयात बांधकाम व आराखडे शिकविणारी एक तांत्रिक शाखा आहे. तेथील मुले हल्ली कागदावर आराखडे काढीत नाहीत. ती 'रेव्हिट' नावाच्या संगणकीय आज्ञावलीत इमारत उभी करतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ साली निघालेल्या एका लहानशा कंपनीने ही आज्ञावली रचली, २००० साली ती बाजारात आली आणि २००२ साली ऑटोडेस्क या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. आज्ञावली शिकविण्याचे काम माझ्या सहकाऱ्याचे. त्यामागील गणित समजावून सांगण्याचे तास मजकडे.

कागदावरचा जिना म्हणजे समांतर रेषांची शिडी. रेव्हिटमधील जिना हा रेषांचा नसून एक वस्तू असतो. तो कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत जातो, त्याची एकूण उंची किती, पायऱ्या किती, हे त्याला 'ठाऊक' असते. मजल्याची उंची बदलली की पायऱ्यांचा हिशेब तो स्वतः नव्याने मांडतो. आपण पडद्यावर जिन्याचा पहिला चढ ओढू लागलो की आठ पायऱ्या झाल्या, आठ उरल्या, असा हिशेब तो शेजारीच दाखवितो. तेथे थांबून दुसरा चढ उलट दिशेने ओढला की मधली सपाट जागा, जिला आपण टप्पा म्हणतो, ती तो आपण होऊन घालतो. २०१८ च्या आवृत्तीपासून तर एका मजल्याचा जिना काढून कोणकोणते मजले जोडावयाचे तेवढे निवडले, की तोच जिना सर्व मजल्यांवर उभा राहतो. एखाद्या मजल्याची उंची वेगळी असली तर तेथल्या पायऱ्यांची संख्या तेवढी बदलते. मुलांना ही जादू वाटते. मी त्यांना सांगते, जादू नव्हे, भागाकार आहे.

हा भागाकार फार जुना आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ब्लाँडेल नावाचे वास्तुविद होऊन गेले. सपाट जमिनीवर चालताना माणसाचे पाऊल जेवढे पडते ते त्यांनी तिथल्या मापाने २४ इंच धरले. आपल्या हिशेबाने सुमारे ६५ सेंटिमीटर. पाऊल पुढे टाकण्यापेक्षा वर उचलण्यास दुप्पट श्रम पडतात, म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, म्हणजे पाऊल ठेवावयास मिळणारी जागा, यांची बेरीज एका पावलाइतकी असावी, असा नियम त्यांनी घालून दिला. आम्ही वर्गात ही बेरीज ६१ ते ६३ सेंटिमीटर धरतो. पायरी १७.५ सेंटिमीटर उंच व २७ सेंटिमीटर रुंद असेल तर बेरीज ६२ येते आणि पाय सुखाने चढतो. तीन शतके लोटली, परंतु माणसाचा गुडघा बदलला नाही, म्हणून नियमही फारसा बदलला नाही.

टप्पा कशासाठी, हा प्रश्न मी दरवर्षी विचारते. वळण्यासाठी, असे बहुतेक मुले सांगतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. टप्पा दम घेण्यासाठी असतो, वरून सामान घेऊन येणाऱ्याला वाट देण्यासाठी असतो, आणि कोणाचा तोल गेलाच तर ते पडणे आठ पायऱ्यांतच थांबावे यासाठीही असतो. टप्प्यामुळे हिशेबात एक गंमत मात्र होते. आठ उंच्या चढावयाच्या असतील तर पायऱ्यांच्या रुंद्या सातच लागतात, कारण आठवी रुंदी म्हणजे खुद्द टप्पाच. शाळेत कुंपणाचे खांब आणि खांबांमधील अंतरे मोजण्याचे जे उदाहरण आपण सर्वांनी सोडविले आहे, तेच येथे उभे राहते.

खरी अडचण कठड्याची. जिना पूर्ण होताच आज्ञावली दोन्ही बाजूंना कठडा घालते. उभे गज, वरचा हात ठेवण्याचा दांडा, सारे नीट रांगेत. दोन गजांमधून १० सेंटिमीटर व्यासाचा चेंडू पलीकडे जाता कामा नये, म्हणजे तान्ह्या मुलाचे डोके अडकणार नाही, हेही मुले आवडीने तपासतात. परंतु टप्प्याच्या वळणावर, जेथे खालचा आणि वरचा चढ पाठीला पाठ लावून भेटतात, तेथे आतल्या बाजूचा कठडा तुटलेला दिसतो. खालचा दांडा एका उंचीवर येऊन थांबतो, वरचा दुसऱ्याच उंचीवरून निघतो. एका विद्यार्थ्याने हा आज्ञावलीचा दोष आहे असे ठामपणे सांगितले. मी त्याला संगणक बंद करून कागदावर रेषा ओढण्यास सांगितले.

वाचकांनीही मनात ही आकृती काढून पाहावी. कठडा पायरीच्या टोकापासून ९० सेंटिमीटर उंच आहे असे धरू. खालच्या चढाचा कठडा टप्प्याच्या कडेला पोचतो, तेव्हा तो टप्प्याच्या फरशीपासून ९० सेंटिमीटर उंच असतो. वरच्या चढाची पहिली पायरी त्याच कडेवर उभी आहे. तिच्या माथ्यापासून ९० सेंटिमीटर म्हणजे टप्प्याच्या फरशीपासून १०७.५. दोहोंमध्ये बरोबर एका पायरीच्या उंचीचे, १७.५ सेंटिमीटरचे, अंतर पडते. हा दोष संगणकाचा नव्हे, भूमितीचा आहे. त्यावर उपायही भूमितीच देते. वरच्या चढाची पहिली पायरी टप्प्याच्या कडेपासून एका पायरीइतकी, २७ सेंटिमीटर, पुढे ढकलली, की दोन्ही दांडे कडेवर एकाच उंचीला येऊन मिळतात. दोहोंपैकी एकाने पायरीभर जागा सोडली तरच हात न सोडता वळता येते. त्या मुलाने रेषा ओढल्या, मोजल्या, आणि मग तो हळूच म्हणाला, "मोरा, आमच्या घरच्या जिन्यातही असेच आहे."

त्याच्याच नव्हे, आमच्याही घरच्या जिन्यात असेच आहे. माझी आई जवळच एका जुन्या शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. अशा तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती साऱ्या देशभर आहेत आणि आपल्यांपैकी अनेकांचा संसार त्यांतच उभा राहिला. वयाच्या ८४ व्या वर्षी आई प्रकृतीने बरी आहे, पण प्रार्थनेला जाणे तिने जवळजवळ सोडले होते. सायरन वाजला म्हणजे तळघरातील मिकलातपर्यंत पोचण्याची तिची धडपड पाहवत नसे. कारण विचारले की ती गुडघ्याचे नाव सांगे. वर्गाला प्रत्यक्ष मोजमापाचा एक प्रकल्प करावयाचा होता, म्हणून आईची व शेजाऱ्यांची अनुमती घेऊन मी सहा मुलांना टेप देऊन त्या जिन्यावर आणले.

मोजमापे अशी निघाली. मजल्यापासून मजल्यापर्यंत २८० सेंटिमीटर. आठ आणि आठ मिळून सोळा पायऱ्या, प्रत्येकी १७.५ उंच आणि २७ रुंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या. हे सारे पुस्तकाप्रमाणे. अपवाद फक्त एका पायरीचा, अगदी तळच्या पहिल्या पायरीचा. ती १३ सेंटिमीटरच भरली. काही वर्षांपूर्वी प्रवेशद्वारापाशी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसविली गेली. जमीन साडेचार सेंटिमीटर वर आली आणि पायरी तेवढीच खाली गेली. आई दोनदा अडखळली होती ती याच जागी. पाय हा मोठा हिशेबी असतो. सत्तेचाळीस पायऱ्या उतरताना तो १७.५ हा पाठ घोकत येतो आणि शेवटी जमीन अपेक्षेपेक्षा आधीच पायाला लागते.

येथे संगणकाची एक मर्यादा मुलांच्या ध्यानी आली. त्यांनी पहिल्या मजल्यापर्यंतची एकूण उंची २७५.५ सेंटिमीटर आणि पायऱ्या सोळा अशी माहिती भरली. आज्ञावलीने निमूटपणे भागाकार करून प्रत्येक पायरी सुमारे १७.२ सेंटिमीटर दाखविली. चित्र सुंदर दिसले, आणि ते खोटे होते. ज्या एका पायरीवर माणूस पडतो, ती सरासरीत विरून गेली. पहिली पायरी स्वतंत्रपणे खरी काढली तेव्हाच ती चित्रात टोचू लागली. यंत्र सर्वांना समान वाटून देते. तक्रार कोणाची आणि कोठे आहे, हे मात्र माणसाने टेप घेऊन वाकूनच शोधावे लागते.

दुसरी गोष्ट एका मुलीने पाहिली. प्रत्येक टप्प्यावर, वळणाच्या भिंतीवर, खांद्याच्या जरा खाली, रंगावर एक काळपट तुकतुकीत डाग होता. पहिल्या टप्प्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, सर्वत्र एकाच उंचीला. वर्षानुवर्षे कठडा संपला की लोकांनी भिंतीला हात लावला होता, त्याचा तो डाग. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अगं, तिथं धरायला काहीच नसतं. कठडा सोडायचा आणि दुसरा येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. आपल्या रेवदंड्याच्या घरी माडीच्या जिन्याला निदान दोर तरी होता." कोकणातल्या जुन्या घरांत जे वाढले आहेत त्यांना तो दोर आठवत असेल. जिना उभा, अरुंद, लाकडी. वर तुळईला बांधलेला जाड दोर शेवटच्या पायरीपर्यंत लोंबत असे. गावच्या सुताराने हे केले होते, कोठल्याही नियमाची वाट न पाहता. आणि मला कळले की आईचा गुडघा हे निमित्त होते. तिला भय वाटत होते ते त्या टप्प्यावरच्या, आधार नसलेल्या, दोन पावलांचे.

सिमेंटचा चढ मागेपुढे सरकविणे तर शक्य नव्हते. मुलांनी संगणकात निरनिराळे उपाय करून पाहिले आणि शेवटी तोडगा भिंतीच्या बाजूला सापडला. आतल्या वळणावर दोन कठड्यांमध्ये जागाच नाही. पण बाहेरच्या भिंतीलगत टप्प्याची १२० सेंटिमीटर खोली मिळते. तेथे दांडा टप्प्याबरोबर सपाट चालत जाऊ शकतो आणि वरचा चढ सुरू होण्याआधी २७ सेंटिमीटरवर हळूच उचलला की ते १७.५ सेंटिमीटरचे अंतर सहज भरून निघते. आतल्या बाजूला जे साधत नव्हते ते बाहेरून वळसा घेतल्यावर साधले. मजल्यांवर घरांची दारे असल्याने तेथे दांडा अखंड नेता येत नाही. म्हणून तो शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंटिमीटर सपाट न्यावयाचा, म्हणजे पाय स्थिर होईपर्यंत हात सुटत नाही. पायथागोरसाच्या सिद्धांताने प्रत्येक तिरकी लांबी सव्वादोन मीटर निघाली. सहा चढ, तीन टप्पे आणि जोडतुकडे मिळून सुमारे ३० मीटर नळी लागणार होती. ४ सेंटिमीटर जाडीची, भिंतीपासून ५ सेंटिमीटर सुटी, म्हणजे बोटे मोकळी फिरावीत.

इमारतीच्या रहिवासी समितीला येथे 'वाद बायित' म्हणतात, आणि मराठी माणसाला त्या शब्दाचा अर्थ पहिल्याच सभेत समजतो. खर्च कोणी द्यावा, तळमजल्यावरच्यांनी का द्यावा, उद्या लिफ्ट आली तर हे पैसे वाया जाणार नाहीत का, असे सर्व प्रश्न निघाले. लिफ्टविषयी सांगण्यासारखे एवढेच, की जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट जोडतात तेव्हा पुष्कळदा तिचे दार मधल्या टप्प्यावर उघडते आणि आठ पायऱ्या उरतातच. शिवाय शब्बाथ पाळणाऱ्यांना त्या दिवशी जिनाच आहे. मी फारसे बोलले नाही. मुलांनी छापून आणलेले चित्र भिंतीला लावले: आहे तो जिना, आणि तुटलेल्या प्रत्येक जागी एक लाल ठिपका. ठिपके तीन होते. दुसऱ्या मजल्यावरचे मोरोक्कोहून आलेले एक आजोबा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले की मधल्या ठिपक्यावर त्यांची पत्नी पडली होती. त्यानंतर वाद फारसा उरला नाही. दांडा बसला, दाराजवळच्या दोन ओळी फरशा उचलून पहिली पायरी पूर्ववत करण्यात आली. आता आई शुक्रवारी संध्याकाळी स्वतः खाली उतरते. मी बरोबर असते, पण तिला माझा हात लागत नाही.

आपल्या धर्मग्रंथांना या विषयाचे वावडे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. नवे घर बांधणाऱ्याने छपराला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही, ही आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. तेथील 'मआके' हाच शब्द आजही येथील गवंडी आणि इंजिनियर कठड्याला वापरतात. रामबामांनी त्याची उंची निदान दहा मुठी, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर, सांगितली. आणि माणूस टेकला असता पडणार नाही इतका तो मजबूत असावा, असेही बजावले. मिश्नाच्या मिद्दोत या भागात तर मंदिरातील बारा पायऱ्यांचे माप दिले आहे: उंची अर्धा हात, रुंदी एक हात, आणि मधून मधून तीन हातांचे टप्पे, सर्वांत वरचा चार हातांचा. पायरीच्या उंचीला आणि रुंदीला तेथे जे शब्द आहेत, तेच 'रूम' आणि 'शेलाख' माझे विद्यार्थी आज संगणकासमोर बसून उच्चारतात. त्या आज्ञेत मला सर्वांत अधिक भावते ते हे, की जबाबदारी पडणाऱ्यावर नाही, घर बांधणाऱ्यावर टाकली आहे. आपण मात्र म्हातारे माणूस पडले की पहिले वाक्य बोलतो ते, "जपून उतरायला काय झालं होतं?"

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या जिन्यावर एकदा टेप घेऊन जावे. संगणक नसला तरी चालेल. चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. पहिली व शेवटची पायरी बाकीच्यांइतकीच उंच आहे की नाही. टप्प्यावर हात सुटतो की नाही. दांडा हलतो की नाही. आणि दिवा सर्व पायऱ्या उतरून होईपर्यंत पेटलेला राहतो, की मध्येच विझतो. घरात शिकणारी मुले असतील तर त्यांना बरोबर न्यावे. त्यांची मराठी तुटक असेल, आजीची हिब्रू तुटक असेल. पण एकाने टेपचे एक टोक धरले आणि दुसऱ्याने दुसरे, की सेंटिमीटर दोघांनाही कळतात. आमच्या वर्गातील ती सहा मुले आईला आजही 'सावता' म्हणून हाक मारतात, आणि ती त्यांना चिवडा करून घालते.

आपण सारे एका देशाचा जिना उतरून दुसऱ्या देशाचा चढून आलो आहोत. वळणावर कोणी हात दिला, कोठे भिंतीचा आधार घ्यावा लागला, हे ज्याचे त्याला ठाऊक. आता जे सावकाश चालतात, त्यांच्यासाठी वळणावरचा कठडा तुटू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. खर्च ३० मीटर नळीचा आहे. त्याहून अधिक नाही.